माहेरचं रडणं

हौसाकाकू गेल्याची बातमी बापूने मला फोनवर लिहून कळवली. बापू माझा थोरला भाऊ. फौजेतून निवृत्त होऊन कोरेगावजवळच्या आमच्या गावी असतो. "शेजारच्या हौसाबाई पहाटे वारल्या. वय झालं होतं. तू सांगलीहून येण्याची तसदी घेऊ नकोस." आणि खाली हात जोडल्याचं चित्र. जिच्या अंगणात आम्ही भावंडं लहानाची मोठी झालो, जिला आम्ही काकू म्हटलं, ती त्याच्या लिहिण्यात हौसाबाई झाली होती. आणि मी यावं ही एक तसदी होती. मी फोन पालथा ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. मी गावी गेले, तिथे काय झालं ते शेवटी येईल. आधी हे लिहायला हवं की इतकी वर्षं मी हे का लिहिलं नाही. सभ्यपणामुळे. आमच्या घरात सभ्यपणाला फार मोठी जागा होती, माणसांपेक्षा मोठी.

आमच्या गावात मयताला जाणाऱ्या बायका "रडाया निघालो" असंच म्हणत. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पाण्याला निघालो, तसं रडायला निघालो. डोक्यावरून पदर घ्यायचा, घरापासून गल्लीच्या वळणापर्यंत साध्या गप्पा मारत जायचं, आणि वळण आलं की पुढच्या बाईने सूर लावायचा. त्या सुरात शब्द असत. मेलेल्याचं नाव, त्याची सवय, त्याचं काय राहून गेलं ते. मयताच्या घरातली बाई त्याच सुरात उत्तर देत बाहेर येई आणि गळ्यात पडे. एक नियम मात्र सगळे पाळत. सूर लावलेल्या बाईला मधे थांबवायचं नाही. पुरुषांनी तर नाहीच. एरवी जी सून सासऱ्यासमोर मान वर करत नसे ती त्या सुरात म्हणू शके, "अगं, तुला दवाखान्यात न्याया कुणाला येळ न्हाई गंऽऽ", आणि ज्याला वेळ नव्हता तो ओसरीवर मान खाली घालून ते ऐके. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल कुणी एक शब्द काढत नसे. रडण्यात बोललेलं धरायचं नाही, असं होतं.

हौसाकाकू या कामात गावात पहिली. उंच, हाडापेराने दणकट बाई, आवाज पितळी घंगाळावर काठी मारावी तसा. तिचा नवरा फौजेत होता आणि कुठल्या तरी लांबच्या ठाण्यावर गेला. त्याचं प्रेत गावी आलं नाही, म्हणून ती दुसऱ्यांच्या प्रेतांवर रडून घेते, असं बायका म्हणत. मला हे तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. माणसाच्या प्रत्येक गुणाच्या मागे एक दुःख शोधून ठेवायची आपल्याला खोड आहे. तिला रडता येत होतं. एखादीला भाकरी चांगली येते तसं. आणि भाकरी करून झाल्यावर जसे हात धुतात तशी ती रडून झाल्यावर तोंड धुई, पदराने पुसे आणि ओसरीवर मांडी घालून खणखणीत विचारी, "च्या ठेवलाय का न्हाई कुणी?"

त्या "च्या"वरून मी तिला नापास केलं होतं. मी पुस्तकं वाचणारी मुलगी. शाळेच्या कपाटातल्या पुस्तकांत दुःखी माणसं खिडकीपाशी उभी राहत, त्यांचे ओठ थरथरत, ती चहा मागत नसत. खरं दुःख मुकं असतं हे मी वाचून शिकले होते आणि त्या मापाने गावातल्या सगळ्या बायका खोट्या ठरवून मोकळी झाले होते. माझी मोठी बहीण शालन, तिला आम्ही अक्का म्हणायचो, तिला असली मापं लागत नसत. ती हौसाकाकूची नक्कल करायची. दुपारी आई रानात गेली की अक्का डोक्यावर पदर म्हणून टॉवेल घ्यायची आणि आमच्या म्हाताऱ्या मांजरासमोर बसून सूर लावायची, "अगं माझ्या मनेऽऽ, तुझी साय कुत्र्यानं खाल्ली गंऽऽ". मी हसून लोळायची. एकदा हौसाकाकूच दारात उभी. आम्ही गार पडलो. काकू म्हणाली, "सूर बरा हाय शालने, पर दम न्हाई. अगंऽ म्हणताना पोटातनं घ्यावं." आणि आत येऊन तिने खरंच शिकवलं. अक्का पोटातून सूर घ्यायला गेली आणि तिला धाप लागली.

ती धाप आमच्या घरातला सगळ्यात ओळखीचा आवाज होता. अक्काच्या छातीत शिट्टी वाजायची. थंडीत, सुगीच्या धुरळ्यात, चुलीत ओलं लाकूड गेलं की. आधी बारीक, मग दाराच्या फटीतून वारा यावा तशी लांब. आई तव्यावर ओवा भाजून त्याची पुरचुंडी करायची आणि तिची छाती शेकायची. भाजलेल्या ओव्याचा वास आमच्या अंथरुणांना कायम असायचा. आजही कुठे ओवा भाजला की माझा हात शेजारी चाचपडतो, ती बसली आहे की आडवी झाली आहे हे बघायला. कारण धाप असली की अक्का आडवी होऊ शकत नसे. भिंतीला टेकून, उशी मांडीवर घेऊन बसल्या बसल्या झोपायची. हौसाकाकूच्या कुंपणाला अडुळसा होता. शिट्टी तिच्या अंगणात ऐकू गेली की ती न सांगता पानं खुडून आणायची, स्वतः काढा उकळायची, आणि अक्का तोंड वाकडं करत पिईपर्यंत समोर बसून राहायची. "पी. कडू हाय म्हून तर औषध हाय. ग्वाड असतं तर तुझ्या बारकीनं संपिवलं असतं." बारकी म्हणजे मी.

कोरेगावच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, स्पष्ट सांगितलं होतं: हिला धूर, धुरळा, उग्र वास यांपासून जपा, जपली तर ही तुमच्या-आमच्यासारखं आयुष्य काढील. मी दादांच्या शेजारी उभी होते. हे वाक्य मी ऐकलं आहे. दादांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन एसटीची वाट बघताना अक्काला म्हणाले, "ह्यातलं कुठं बोलायचं न्हाई." माझे वडील वाईट नव्हते, असं आमच्याकडे अजून सगळे सांगतात. त्यांनी आम्हाला मारलं नाही, मला कॉलेजात घातलं, बाजारातून येताना पुस्तकं आणली. हे सगळं खरं आहे. आणि एसटीच्या थांब्यावरचं ते वाक्यही खरं आहे.

अक्काला बघायला तासगावकडचे पाहुणे आले त्या दिवशी आईने पहाटेच सगळा स्वयंपाक उरकून चूल सारवून टाकली, घरात धूर राहू नये म्हणून. अंगण झाडलं नाही, नुसतं पाणी मारलं. अक्काची छाती दोनदा शेकली, मग ओव्याचा वास जावा म्हणून तिला पावडर लावली. पोह्यांची ताटली घेऊन ती स्वयंपाकघरातून बाहेर गेली ती इतकी सावकाश, की मुलाची आत्या कौतुकाने म्हणाली, "चाल लय सोज्वळ हाय बगा पोरीची." मी दाराआड होते. मला हसू आलं आणि आईने माझ्या दंडाला चिमटा घेतला. मुलाच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "काय दुखणंबिखणं?" दादा मोकळेपणाने हसले. "आवं, कवा शिंकल्याली बी आठवत न्हाई." त्या लोकांची द्राक्षबाग होती, बेदाण्याची स्वतःची शेड होती. हे सगळ्यांना माहीत होतं. बेदाणा कसा करतात हे दादांना माहीत होतं का, हा प्रश्न मी त्यांना ते जिवंत असताना विचारला नाही. पण ते बाजारात वावरणारे गृहस्थ होते, शेतकरी होते, आणि मी त्यांना अडाणी ठरवून सोडवणार नाही.

लग्नात हौसाकाकूने हळद लावली आणि आईला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यास्नी सांगितलं का?" आई म्हणाली, "तुमी तुमचं बगा." गोळ्या आईने पावडरच्या रिकाम्या डब्यात भरून दिल्या.

अक्का पहिल्यांदा माहेरपणाला आली तेव्हा बेदाण्याची पेटी घेऊन आली. पिवळेधमक, उजेडात धरले तर आरपार दिसणारे बेदाणे. दादांनी ते वाट्यावाट्यांनी गावभर वाटले. आमच्या लेकीच्या घरचे. मी ओंजळभर घेऊन अक्काच्या शेजारी बसले आणि ती मला शेडमधलं सांगू लागली. द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून काढतात, जाळ्यांवर पसरतात, लांब पडद्यांच्या शेडमध्ये ती वाळतात. नुसती वाळली तर तपकिरी होतात. पिवळा रंग हवा तर बंद खोलीत गंधकाची धुरी द्यावी लागते. धुरी झाली की दार उघडून आतले ट्रे बाहेर काढायचे. घरच्या बायका काढतात, कारण बाहेरच्या बाया तो वास सोसत नाहीत आणि अर्ध्या दिवसात निघून जातात. "नाकाला पदर बांधून जाती मी," अक्का म्हणाली. "आत गेलं की बारके, छातीत कुणीतरी मूठ आवळतंय बघ. ट्रे घ्यायचा आन् पळत सुटायचं. सासूबाई म्हणत्यात, नवी हाय, सवय हुईल." तिने हे हसत सांगितलं. तिला सगळंच हसत सांगायची सवय होती, माझ्या दृष्टीने तो तिचा एकमेव दोष.

दुसऱ्या खेपेला ती हसली नाही. बारीक झाली होती, बसून झोपत होती. आई भाकरी थापत होती आणि अक्का चुलीपासून लांब, उंबऱ्यावर. मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन. अक्का म्हणाली, "आई, मी त्यांना सांगते. धापेचं. माणूस वाईट न्हाई, ऐकंल माझं."

"काय सांगणार? आई-बापानं फसिवलं म्हून?"

"फसिवलं असं न्हाई म्हणत. लग्नानंतर झालं म्हणते."

"कोरेगावला डॉक्टर हाय. इचारलं कुणी तर? आन् बारकी हाय अजून पाठीला. तिला कोण करून घील? म्हणत्याल, घराण्यातच धाप हाय."

तव्यावर भाकरी करपली आणि आईने ती उलटली. अक्काने पदर नाकाला लावला. मग म्हणाली, "बरं." एवढंच. तो "बरं" माझ्यासाठी होता. माझ्या पुढे कधी तरी होणाऱ्या लग्नासाठी तिने तोंड बंद ठेवायचं कबूल केलं, आणि मला कुणी विचारलं नाही की बाई, तुला हे लग्न या किमतीला हवं आहे का. मी लग्न केलं नाही. लोकांनी त्याची पुष्कळ कारणं लावली. जास्त शिकली, पुस्तकात डोकं, रूप बेताचं. लावू दिली.

त्या उन्हाळ्यात, बेदाण्याच्या हंगामात, तासगावहून एक मोटारसायकलवाला आला. "शालनताई सिरियस हायत," म्हणाला आणि पाण्याचा तांब्या हातात धरून उभा राहिला, प्यायला नाही. आमच्याकडे मेल्याचा निरोप असाच देतात. आई तिथेच खाली बसली. दादांनी जीप सांगितली, फौजेतून सुट्टीवर आलेल्या बापूला शेतातून बोलावलं, कोण कोण जायचं ते ठरवलं. आणि मग, हे मी माझ्या कानांनी ऐकलं, ते बापूला म्हणाले, "हौसाला घे. माहेरचं रडणं कमी पडाया नको. मोठं घराणं हाय त्यांचं, चार लोक बघत्यात."

त्यांनी स्वतः तिला नेलं. मला या गोष्टीचं आजही नवल वाटतं. लेक मेली त्या घटकेलाही त्यांना एवढं सुचलं, की आपल्या बाजूच्या बायका दमदार रडल्या पाहिजेत. हौसाकाकू हातातलं काम टाकून आली. तिच्या हातात अडुळशाची फांदी होती. कशाला आणली, कुणी विचारलं नाही. तिलाही कळलं नसेल. उंब्रजला जीप थांबली. पुरुष हॉटेलात चहाला उतरले, आम्ही बायका जीपमध्येच. दादा परत आले तेव्हा खिडकीशी वाकून म्हणाले, "तिथं गेल्यावर रडायचं तेवढं रडायचं. इतर काय बोलायचं न्हाई. तालुक्यात नाव हाय त्यांचं, आपलंबी हाय." हौसाकाकूने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, रडायला कोन शिकिवतंय मला? तुमी?"

अक्काला अंगणात ठेवलं होतं. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. नवऱ्याच्या आधी गेली म्हणून सवाष्णीचा सगळा साज. बायका एकेक करून येत, तिच्या पायांवर डोकं ठेवत आणि म्हणत, "भाग्याची गं, भरल्या कपाळानं गेली." माझ्या बहिणीचे ओठ निळे होते. तिला पंचविशी लागली नव्हती. आणि बायका तिच्यासारखं मरण मागत होत्या. मी आजवर जे काही वाचलं त्यात याच्याइतकं निर्दय वाक्य मला सापडलेलं नाही, आणि ते म्हणणाऱ्या बायका मनापासून म्हणत होत्या. पलीकडे भिंतीला टेकून दाजी बसले होते, अक्काचा नवरा. धुरीच्या खोलीच्या दारातच पडली, उन्हानं चक्कर आली असं घरची माणसं सांगत होती. मी दाजींकडे बघत होते. मला त्यांना चावायचं होतं. त्यांनी तिला त्या खोलीत घातलं होतं, माझ्या लेखी खुनी ठरलेला तो माणूस होता आणि माझा निकाल लागलेला होता.

मग वळणावरून हौसाकाकूचा सूर आला. ती मुद्दाम मागे राहिली होती, रीतीने वळणावरून येण्यासाठी. "अगं माझ्या शालनेऽऽ, माज्या कुंपनाचा अडुळसा सुकला गंऽऽ." आई उत्तर द्यायला उठली, तिच्या गळ्यात पडली. हौसाकाकूने तिला धरलं पण ती थांबली नाही. अक्काच्या उशाशी बसली, ती फांदी तिच्या छातीवर ठेवली आणि हात तिथेच ठेवून सूर वर नेला. "अगं, हितं शिट्टी वाजायची गंऽऽ. ल्हानपनापास्नं वाजायची गंऽऽ. अगं, तुझ्या बापानं ती मांडवात दाबली गंऽऽ. तुझ्या गोळ्या पावडरीच्या डब्यात गंऽऽ, तुझ्या तोंडाला कुलूप गंऽऽ. अगं, ह्या लोकास्नी कुणी सांगितलंच न्हाई गंऽऽ, कुनाला धुरीत घालताय गंऽऽ."

दाजींनी मान वर केली. ते उठले, सरळ दादांसमोर आले. "मामा," ते म्हणाले, "धाप व्हती?"

दादा म्हणाले, "बाई भ्रमिष्ट हाय. नवरा गेल्यापास्नं."

"मामा, मी इचारतोय. बसून झोपायची ती. म्हणायची, झोपच येत न्हाई. धाप व्हती का तिला?"

सूर चालूच होता. नियमच होता तो, बाईला थांबवायचं नाही. दादा अंगण ओलांडून गेले आणि त्यांनी हौसाकाकूच्या तोंडावर हात दाबला. आख्ख्या गावासमोर, परक्या बाईच्या तोंडावर, मेलेल्या लेकीच्या उशाशी. असं कुणी कधी बघितलं नव्हतं. तिचा सूर हाताखाली काही क्षण तसाच चालू राहिला, घुसमटलेला, आणि तो आवाज हुबेहूब अक्काच्या धापेसारखा होता. मग बापूने तिला दंडाला धरून उठवलं आणि जीपपर्यंत नेलं. दाजी आईकडे वळले. आईने खाली बघितलं. त्यांना उत्तर मिळालं. ते जिथे उभे होते तिथेच, अक्काच्या पायांशी, खाली बसले. तेरा वर्षांची मी भिंतीला चिकटून उभी होते आणि ज्याला मारायला आले होते तो खुनीच माझ्यासमोर रडत होता. माझ्या रागाला दुसरं घर शोधावं लागलं. ते फार लांब नव्हतं.

दाजींना मी पूर्ण सोडलेलं नाही. बायको बसून झोपते आणि नवऱ्याला त्याचं कारण शोधावंसं वाटत नाही, सासूला सून जांभळी पडलेली दिसत नाही, हेही मी विसरत नाही. पण त्यांना माहीत नव्हतं आणि आम्हाला माहीत होतं. या दोन्हींत जे अंतर आहे ते माणसांबद्दल मत बनवताना मी आयुष्यभर मोजत आले. आता कुणी मला सांगितलं की अमका सज्जन, घरंदाज, तर मी आधी विचारते, त्याच्या घरात कोण गप्प आहे.

येताना हौसाकाकूला जीपच्या मागच्या टोकाला बसवलं. तिच्याशी कुणी बोललं नाही. त्यानंतर गावात मयत झालं की दादा आधी जाऊन बसायचे आणि घरातल्यांना हळूच सांगायचे, "हौसाला बोलवू नका, प्रेतावर शिव्या घालती ती." दादांचा शब्द गावात चालायचा. वर्षभरात तिला कुणी रडायला नेईनासं झालं. मग हळदीला नेईना, मग बारशाला. आईने मला तिच्या अंगणात जायची बंदी केली. मी शाळेतून येताना मागच्या कुंपणावरून जायची, अडुळशाच्या आडून. "पुस्तक वाचतीस का अजून?" ती विचारायची. "वाच. तुझ्या बापाला वाचता येतं, तरी बग." आणि आपल्याच बोलण्यावर हसायची. तिने अक्काचा विषय माझ्यापाशी काढला नाही. तिला म्हणायचं होतं ते ती मोठ्याने म्हणून मोकळी झाली होती. मुकं दुःख खरं, हे ज्या पुस्तकात मी वाचलं होतं ते मी शाळेच्या कपाटात परत ठेवलं. आमच्या घरात सगळेच मुके होते. त्यातलं काय खरं होतं?

आई शेवटी माझ्याकडे सांगलीला होती. तिच्या अखेरच्या दिवसांत मी एकदाच विचारलं. "का केलंत असं?" ती लगेच म्हणाली, जसं काही तो प्रश्न तिथेच कुठे तरी टांगलेला होता, "तिचं लगीन झालं नसतं गं."

"मग नसतं झालं."

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परक्या भाषेत बोलले होते. मी तिच्या पायांवर पांघरूण घातलं. तिच्यावर माझी माया होती. राग होता तेवढाच आहे. दोन्ही एका घरात राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत.

तर, हौसाकाकूच्या मयताला मी गेले. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली. आता आमच्या गावात कुणी रडत नाही. ते मागासलेपणाचं झालं आहे. दारात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, स्पीकरवर मंद भजन, आणि माणसं फोनमध्ये बघत बसलेली. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बापू, पांढराशुभ्र झब्बा घालून. काकूला लेकरू नव्हतं. एक लांबचा पुतण्या सारखं घड्याळ बघत होता. मी वळणावर थांबले. कुंपणाला अडुळसा तसाच होता, धुरळ्याने भरलेला. मी फांदी मोडून घेतली. पदर डोक्यावर घेतला. मी आयुष्यभर हळू बोललेली बाई, ग्रंथालयात तीच माझी नोकरी होती, लोकांना हळू बोला म्हणायची. मला सूर येत नव्हता. मी पोटातून घेतला.

"अगं माझ्या काकूऽऽ." आवाज फाटला. माणसांनी माना वळवल्या. "अगं, माझ्या अक्काची धाप तू एकटीनं सांगितली गंऽऽ. अगं, माझ्या बापानं तुझं तोंड दाबलं गंऽऽ. माझ्या भावानं तुला जीपला न्हेली गंऽऽ. अगं, आमी सगळी घरंदाज गंऽऽ, आमी तुला एकटी मारली गंऽऽ."

कुणी तरी स्पीकर बंद केला. बापू उठून लगबगीने आला. "कुसुम, गप. लोक बगत्यात." त्याने हात पुढे केला, आणि तो हात माझ्या तोंडाच्या दिशेने येताना मी बघितला. दादांचाच हात, तीच रुंद बोटं, तोच अंगठा. मी त्या हाताकडे बघत सूर चालू ठेवला. तेवढ्यात मांडवाच्या कडेला बसलेली एक म्हातारी, जिचं नावही मला आठवेना, जागेवरून ओरडली, "ए सुभेदार! बाई रडतीया. रडत्या बाईला हात लावायचा नसतो, ठावं न्हाई व्हय?" बापूचा हात तिथेच राहिला. मग खाली गेला. म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून उठली, आणि घरात उत्तर द्यायला कुणी नव्हतं म्हणून तीच त्या घरची होऊन, थकल्या आवाजात उत्तर देत माझ्याकडे आली.

फांदी काकूच्या छातीवर ठेवून होईपर्यंत मी रडले. अक्काचं नाव त्या अंगणात पुन्हा पुन्हा घेतलं, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मग नळावर तोंड धुतलं, पदराने पुसलं. बापू मान खाली घालून खुर्चीत बसला होता. मी त्याच्यासमोरच ओसरीवर मांडी घालून बसले आणि विचारलं, "च्या ठेवलाय का न्हाई कुणी?"